बारीक पानांची सॅटिव्हा: हेम्पची परवान्याची शेती, बियाण्यापासून वाखापर्यंत

२०२१ साली सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला होता. बाकी कुठल्याच पिकाला भाव मिळत नाही, तेव्हा मला दोन एकरांत गांजा लावायची परवानगी द्या, अशी त्याची मागणी होती. बातमी गाजली आणि विसरली गेली, पण तिच्या मागचा प्रश्न अजून गावोगाव विचारला जातो. भांगेची शेती कायद्यात बसवून करता येते का? लोक 'सॅटिव्हा, सॅटिव्हा' म्हणतात ते नेमकं काय? आणि केलीच तर हातात काय पडतं?

गांजासाठी करता येत नाही. तंतू आणि बियांसाठी करता येते, पण मोजक्या राज्यांत, परवाना घेऊन आणि नशेचा अंश जवळजवळ नसलेल्या वाणाचीच. या पिकाला हेम्प म्हणतात. पुढचं सगळं विवेचन त्याच पिकाचं आहे आणि ते उत्तराखंडच्या गढवाल-कुमाऊँ पट्ट्याला धरून केलं आहे, कारण या शेतीची रीतसर वाट देशात सर्वांत आधी तिथे उघडली. महाराष्ट्रात बसून हे वाचणाऱ्याने आपल्या शेतात यातलं काहीही करायला जाऊ नये. आपल्याकडे अशा लागवडीचा परवानाच मिळत नाही.

आधी कागद, मग नांगर

१९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याचं कलम ८ भांगेच्या झाडाची लागवड सरसकट बंद करतं. मग कलम १० राज्यांना परवानगी देण्याचा आणि नियंत्रण ठेवण्याचा अधिकार देतं, तर कलम १४ केंद्राला फक्त तंतू किंवा बी मिळवण्यासाठी किंवा बागायती कामासाठी लागवडीला मोकळीक देता येईल असं सांगतं. सगळी हेम्प-शेती या दोन कलमांच्या आधारावर उभी आहे. विनापरवाना लागवड सापडली तर कलम २० खाली दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय कलम ४६ जमीनमालकावर वेगळी जबाबदारी टाकतं. आपल्या जमिनीत बेकायदा लागवड झाली आहे हे माहीत असेल तर ती कळवणं त्याचं कर्तव्य आहे. 'जमीन माझी असली तरी कसत दुसराच होता' एवढ्यावर सुटका होत नाही. शिरपूरकडे काय किंवा मराठवाड्यात काय, तुरीत आणि कपाशीत गांजा लपवून लावल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. त्या वाटेला कुणी जाऊ नये हे मी अगदी कळकळीने सांगतो. त्या पिकाचा पैसा शेतकऱ्याच्या घरी राहत नाही, खटला मात्र राहतो.

उत्तराखंडात २०१६ मध्ये धोरण आलं आणि २०१८ मध्ये पहिला परवाना दिला गेला. अट एकच, पण ती कडक आहे: झाडात टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, ०.३ टक्क्यांच्या वर जाता कामा नये. त्या मर्यादेपलीकडे गेलेलं पीक उभ्या उभ्या नष्ट करावं लागतं. म्हणून जमीन, बियाण्याचा पुरवठादार आणि माल घेणारा, या तिन्ही गोष्टी कागदावर पक्क्या झाल्याशिवाय परवान्याच्या मागे धावण्यात अर्थ नाही. अर्ज करताना सातबाऱ्यासारखा जमिनीचा उतारा (तिकडे त्याला खतौनी म्हणतात) किंवा भाडेकरार, क्षेत्राचा नकाशा आणि बियाण्याच्या टीएचसीचा प्रयोगशाळेचा दाखला एकत्र तयार ठेवा. नियम बदलत राहतात, तेव्हा त्या वर्षीचे नियम जिल्हा कार्यालयातून स्वतः वाचून घ्या. एजंटच्या तोंडी माहितीवर विसंबू नका.

झाड कसं असतं

उंच, सडसडीत, लांब पेरांचं, हाताच्या पंजासारख्या पानांचं झाड. प्रत्येक पानात पाच ते अकरा अरुंद पर्णिका, कडा करवतीसारख्या. दाट पेरणीत खोड फांद्या न फुटता सरळ वर जातं, दोन ते चार मीटरपर्यंत. एकटं वाढलं की तेच झाड झुडपासारखं पसरतं. सोटमूळ खोल जातं आणि जमीन भुसभुशीत असेल तर वरच्या थरातही भरपूर मुळं सोडतं.

शास्त्रीय नावाबद्दल गोंधळ फार आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये 'कॅनाबिस सॅटिव्हा' हे नाव दिलं ते युरोपातल्या तंतूच्या भांगेला. लामार्कने १७८५ मध्ये भारतातून आलेल्या नमुन्यांवरून 'इंडिका' वेगळी काढली. आज परदेशातल्या बाजारात 'सॅटिव्हा-प्रधान' म्हणून जे नशेचे वाण विकले जातात त्यांच्यात उंची, अरुंद पानं आणि उशिरा फुलणं ही लक्षणं असतात, पण त्यांचं मूळ बहुतांशी भारत आणि आग्नेय आशियाकडचं आहे. म्हणून पानाच्या रुंदीवरून किंवा पाकिटावरच्या 'सॅटिव्हा' या शब्दावरून नशेचा अंश ठरवता येत नाही. तो ठरतो वाणाच्या जनुकांवर आणि कळतो फक्त प्रयोगशाळेत. शेतकऱ्याने या एका गोष्टीवर कधीही तडजोड करू नये.

झाड साधारणपणे एकलिंगी असतं, म्हणजे नर वेगळा आणि मादी वेगळी. नराच्या तुऱ्यातून पिवळट पराग उडतो आणि काम झालं की तो वाळून जातो. मादी बी धरते आणि आणखी महिना-दीड महिना हिरवी राहते. युरोपात पैदासकारांनी एकाच झाडावर दोन्ही फुलं येणारे वाणही तयार केले आहेत. त्यात सगळं शेत एकसारखं पिकतं, म्हणून यंत्राच्या कापणीला ते बरे पडतात.

वाण: इथेच पीक जिंकतं किंवा हरतं

हेम्प हे दिवसाच्या लांबीवर चालणारं पीक आहे. दिवस लांब असेपर्यंत ते नुसतं वाढतं आणि रात्र पुरेशी मोठी झाली की फुलावर येतं. फ्युचुरा ७५, फेडोरा १७, फेलिना ३२ हे फ्रेंच वाण, हंगेरीचा कोम्पोल्टी, इटलीचा कार्माग्नोला, ही सगळी नावाजलेली बियाणी आहेत. पण ती जिथे घडली तिथे जूनमध्ये दिवस पंधरा-सोळा तासांचा असतो. गढवालात तो चौदा तासांच्या जेमतेम पुढे जातो आणि पुण्याला सव्वातेरा तासांच्या आसपास थांबतो. असं बियाणं इथे पेरलं की कोवळेपण संपताच त्याला वाटतं दिवस आखूड झाले, आणि कंबरेएवढं झाड तुरा काढून बसतं. खोडच वाढलं नाही तर वाख, म्हणजे सालीचा तंतू, कुठून निघणार? इंटरनेटवर युरोपातले उतारे वाचून परदेशी बियाणं मागवणाऱ्यांचा हिशेब इथेच चुकतो.

उलट आपल्या डोंगरातली देशी भांग या अक्षांशाला मुरलेली आहे. ती उशिरा फुलते, उंच होते, पाऊस सोसते, पण तिचं टीएचसी अनेकदा मर्यादेच्या वर जातं. म्हणून सगळी खटपट या दोन टोकांच्या मधलं काहीतरी मिळवण्यासाठी चालते: देशी वाणातून पिढ्यान् पिढ्या कमी टीएचसीची झाडं निवडत जाणं, किंवा आपल्याशी अक्षांश जुळणाऱ्या मुलखातलं बियाणं आणणं. चीनच्या युन्नान प्रांतात तयार झालेले 'युनमा' मालिकेतले वाण याच कारणाने अभ्यासण्यासारखे आहेत. युन्नान साधारण २५ अंश उत्तरेला आहे, म्हणजे तिथला दिवस आपल्याकडच्या दिवसासारखाच वागतो. फिनलंडचा फिनोला हा बुटका, तेलबियांचा वाण दिवसाच्या लांबीकडे फारसं बघत नाही आणि पेरणीनंतर महिन्याभरात फुलावर येतो. त्यामुळे त्याला फक्त बियांसाठी जागा आहे.

आता बियाणं घरचं ठेवायचं की नाही? डोंगरात रस्त्याच्या कडेला, गोठ्यामागे, पडीक शेतात रानभांग आपोआप उगवते. हेम्पचा पराग वाऱ्यावर काही किलोमीटर जातो. तुमच्या शेतातल्या कमी टीएचसीच्या मादीला रानातल्या नराचा पराग मिळाला तर त्या वर्षीच्या झाडाचं काही बिघडत नाही, कारण ते झाड जुन्याच बियाण्याचं असतं. बिघडतं ते पुढच्या वर्षी. हेम्पच्या झाडात साधारण एकाच जागेवरची जनुकं ठरवतात की झाड सीबीडी (नशा न आणणारं द्रव्य) बनवेल की टीएचसी. दोन प्रकारांचा संकर झाला तर पोरं दोन्ही द्रव्यं बरोबरीने बनवू लागतात आणि ०.३ ची रेषा सहज ओलांडतात. म्हणून पेरणीला दर हंगामात दाखल्याचं नवं बियाणं घ्या. घरचं बी खायला, तेलाला, चटणीला ठेवा. आणि शेताभोवतीची रानभांग फुलायच्या आत उपटून टाका. हे काम दोन-तीन वेळा करावं लागतं, कारण ती पावसात पुन्हा पुन्हा उगवते.

जमीन आणि पेरणी

तिकडे जमीन नालीत मोजतात. एक नाली म्हणजे सुमारे २०० चौरस मीटर, पन्नास नालींचा एक हेक्टर. बहुतेक शेतं पायऱ्यापायऱ्यांची, अरुंद, आणि त्यांतली कितीतरी माणसं गाव सोडून गेल्याने पडीक. माकडं आणि रानडुकरं मंडुआ (म्हणजे आपली नाचणी) आणि मका उभा ठेवत नाहीत, हेम्पला मात्र फारसं तोंड लावत नाहीत. डोंगरातल्या शेतकऱ्याला या पिकाचं आकर्षण वाटतं त्यात या गोष्टीचा मोठा वाटा आहे.

जमीन मध्यम ते खोल, पोयट्याची, उत्तम निचऱ्याची हवी. सामू ६ ते ७.५. या पिकाला पाणी साचलेलं अजिबात चालत नाही. कोवळी रोपं दोन-तीन दिवस पाण्यात राहिली तर पिवळी पडून तिथेच खुंटतात आणि नंतर कितीही खत दिलं तरी वर येत नाहीत. म्हणून पायरीच्या आतल्या बाजूला, डोंगराच्या अंगाला, पाण्याचा चर आधी काढा.

एक खोल नांगरट, दोन कुळवाच्या पाळ्या, ढेकळं फोडून बारीक मशागत. हेक्टरी १० ते १५ टन कुजलेलं शेणखत, म्हणजे नालीला २०० ते ३०० किलो. माती परीक्षण करूनच रासायनिक खत ठरवावं. ढोबळमानाने तंतूच्या पिकाला हेक्टरी ६० ते ८० किलो नत्र पुरतं, बियांच्या पिकाला १०० पर्यंत लागतं, स्फुरद आणि पालाश ४०-४० किलो. सगळं स्फुरद-पालाश आणि अर्धं नत्र पेरणीला, उरलेलं नत्र तीस-पस्तीस दिवसांनी. तंतूच्या पिकाला नत्र जास्त झालं की खोड जाड, ठिसूळ होतं आणि वाऱ्यात लोळतं.

पेरणी एप्रिलच्या उत्तरार्धापासून मेअखेरपर्यंत, वळवाचा पाऊस झाल्यावर वापसा येताच. जमिनीचं तापमान ८-१० अंशांच्या वर असेल तर बी पाच ते सात दिवसांत उगवतं. खोली १ ते २ सेंटिमीटर, फार तर ३. पाभरीने खोल पडलेलं बी वर येत नाही. ओळीतलं अंतर आणि बियाण्याचं प्रमाण उद्देशावर ठरतं. तंतूसाठी ओळी १५-२० सेंटिमीटरवर, हेक्टरी ५० किलो बी, म्हणजे नालीला एक किलो. एवढ्या बियाण्यात चौरस मीटरला दोनशेच्या आसपास रोपं उभी राहतात, एकमेकांना फांद्या फुटू देत नाहीत आणि बारीक, लांब, सरळ खोडं मिळतात. बियांसाठी ओळी ४० ते ६० सेंटिमीटरवर आणि हेक्टरी १५ ते २५ किलो.

पेरणीनंतर जोराची सर येऊन ऊन पडलं की मातीवर पोपडी धरते. उगवणीच्या वेळी शेतात वाकून बघा. पोपडीला भेगा पडून मातीचे चकत्यांसारखे तुकडे उचललेले दिसतात, आणि तुकडा हलकेच काढला की खाली दुमडलेल्या मानेचं पांढुरकं रोप अडकलेलं असतं. अशा वेळी दाताळं नुसतं वरवर फिरवायचं किंवा हलकं पाणी शिंपडायचं, तेही सकाळीच. एक दिवस उशीर केला तर ओळीच्या ओळी रिकाम्या राहतात. नांगे भरायला जाऊ नका. मागाहून पेरलेली रोपं सावलीत सापडतात आणि कधीच बरोबरी करत नाहीत.

वाढीचे दिवस

पहिले तीन-चार आठवडे तण काढलंच पाहिजे. पुढे हे पीक दिवसाला चार-पाच सेंटिमीटर वाढतं, पानांचं छत धरतं आणि खाली तणाला ऊन मिळत नाही. बियांच्या पिकात ओळी रुंद असल्याने दोन कोळपण्या लागतात. तणनाशकाच्या वाटेला जाऊ नका. रुंद पानांच्या तणांवरची औषधं या पिकालाही मारतात, शेजारच्या शेतातून उडून आलेला फवाराही बाधतो.

पूर्ण हंगामात ५०० ते ७०० मिलिमीटर पाणी पुरे. डोंगरात पावसाचं एवढं पाणी मिळतंच. अडचण असते ती मे-जूनमधल्या कोरड्या खंडाची, आणि त्या वेळी एखादं संरक्षक पाणी देता आलं तर पीक तरतं.

रोगकिडी कमी, पण 'या पिकाला काहीच होत नाही' हे खरं नाही. खोडात शिरणारी अळी शेंडा वाळवते, ढगाळ ओल्या हवेत दाट तुऱ्यांवर करडी बुरशी येते, आणि खोडाच्या बुंध्याशी पांढरी कापसासारखी बुरशी दिसली तर ते झाड उपटून शेताबाहेर जाळावं लागतं. तंबाखू-टोमॅटोच्या शेतात येणारं बंबाखू हे परोपजीवी तण हेम्पच्या मुळांवरही बसतं. म्हणून त्या पिकांच्या मागे हेम्प घेऊ नका, आणि हेम्पवर हेम्पही नको. गहत (आपला कुळीथ) किंवा भट्ट, म्हणजे काळं सोयाबीन, यांच्या बेवडावर ते उत्तम येतं.

फुलोरा आणि तपासणी

पानाच्या बगलेत, देठाच्या बुडाशी, पहिली खूण दिसते. नराची कळी देठावर लोंबती, गोल गोळीसारखी. मादीची कळी टोकदार, बिनदेठाची आणि तिच्यातून दोन पांढरे केस बाहेर आलेले. रोज सकाळी शेतात फिरून ही खूण टिपून ठेवा, कारण इथून पुढचं सगळं वेळापत्रक तिच्यावर चालतं.

टीएचसी मादी तुऱ्यावरच्या सूक्ष्म राळेच्या ग्रंथींत तयार होतं आणि फुलोरा पुढे सरकेल तसं वाढत जातं. झाडात ते आम्लाच्या रूपात असतं आणि उष्णतेने मोकळं होतं. म्हणून प्रयोगशाळा आम्लाचा आकडा ०.८७७ ने गुणून त्यात मोकळं टीएचसी मिळवते आणि एकूण काढते. तुमच्या अहवालात नुसतंच 'टीएचसी' लिहिलेलं असेल तर ते 'एकूण' आहे का, हे विचारून घ्या. या एका शब्दापायी पास झालेला माल पुढच्या तपासणीत नापास होऊ शकतो. नमुना कसा घ्यायचा यालाही पद्धत आहे. युरोपात शेतभर फिरून पन्नास झाडांचे वरचे ३० सेंटिमीटरचे तुरे घेतात, कडेची झाडं टाळतात. सरकारी तपासणीच्या आधी याच रीतीने आपला नमुना स्वतः एकदा तपासून घ्यावा. आकडा ०.२५ च्या पुढे गेलेला दिसला तर बियांच्या मोहात न पडता तंतूसाठी लवकर कापणी करणं शहाणपणाचं.

तंतूची कापणी आणि वाख

नराचे तुरे पराग उडवू लागले की तंतू तयार झाला असं समजा. पेरणीपासून ९० ते ११० दिवस. त्यानंतर खोडात लाकूडपणा वाढतो आणि वाख राठ होतो. विळ्याने जमिनीलगत कापा, जाडीप्रमाणे खोडं निवडून वेगळ्या पेंढ्या बांधा. जाड आणि बारीक खोडं एकत्र कुजवली तर बारीक सडून जातात तोवर जाड कच्चीच असतात.

कुजवणीच्या दोन रीती. अंबाडी आणि ताग कुजवणाऱ्या आपल्या जुन्या शेतकऱ्यांना पाण्यातली रीत सांगायची गरज नाही: पेंढ्या साचलेल्या पाण्यात बुडवून वर दगड, साधारण २० ते २५ अंशांच्या पाण्यात एक ते दोन आठवडे. वाख पांढरा, मऊ निघतो, पण पाणी घाण होतं, मासे मरतात, म्हणून ओढ्यात किंवा पिण्याच्या झऱ्याजवळ हे कधीही करू नये. दुसरी रीत दवाची. खोडं शेतातच पातळ पसरून ठेवायची, दव आणि बुरशी आपलं काम करतात, मध्ये एकदा-दोनदा उलटायची. याला दोन ते सहा आठवडे लागतात, वाख करडा होतो. पावसाळा ओसरल्यावरचं, म्हणजे सप्टेंबरअखेरचं दव यासाठी चांगलं.

कुजवण झाली की नाही हे कॅलेंडरवर ठरवू नका. मधल्या थरातलं एक खोड काढा, बुडाकडून वीतभर अंतरावर कडकन् मोडा. आतली काडी तुटली आणि सालीचा वाख न तुटता सबंध लांबीने सुटत आला, बोटाला बुळबुळीत पण चिवट लागला, तर आजच बाहेर काढा. वाख काडीला चिकटून तुकड्यांत येत असेल तर अजून थांबा. बोटाने चोळताच वाखाचा लगदा होत असेल तर वेळ गेली. शेवटच्या दिवसांत ही परीक्षा सकाळ-संध्याकाळ करावी लागते.

मग उभे वाळवून, कुटून, झोडून वाख वेगळा करायचा. गढवाल-कुमाऊँत हे काम घरोघरी होत असे. दोर, पोती आणि भंगेला नावाचं जाडं कापड त्यातून निघे. आता हातकाम परवडत नाही, आणि यंत्र जवळ नसेल तर खोडं वाहून नेण्यातच पैसे संपतात. चांगल्या शेतात हेक्टरी सहा ते दहा टन वाळलेलं खोड निघतं, त्यात वाख पाव हिश्श्याच्या आसपास. उरलेली हलकी काडी फेकायची नसते. ती चुन्यात कालवून भिंतीसाठी वापरतात. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेचे तुकडे मिसळलेले होते, असं पुरातत्त्व खात्याच्या आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली मांडलं. शतकानुशतकं टिकलेल्या त्या गिलाव्यामागे या झाडाचाही हात आहे, हे कळल्यावर काडीकडे बघायची माझी नजर बदलली. पण बाजाराचं सांगायचं तर, वीस-पंचवीस किलोमीटरच्या आत वाख काढणारं यंत्र नसेल तर तंतूचं पीक घेऊ नये. आधी बियांचं घ्यावं.

बियांचं पीक

११० ते १४० दिवसांत दोन-तृतीयांशाहून जास्त दाणे करडे-तपकिरी, ठिपकेदार झाले की कापा. सगळे पिकण्याची वाट बघितली तर खालचे गळतात आणि वरचे पाखरं नेतात. चिमण्या-पोपटांच्या थव्यांना हे बी फार आवडतं, शेवटचे पंधरा दिवस राखण लागतेच. तुरे कापून ताडपत्रीवर पातळ पसरा. ढीग घातला तर एका रात्रीत आतून तापतो आणि बियांना कुबट वास लागतो. मळणी हलक्या हाताने करा, कवच पातळ असतं, फुटलं की आतलं तेल खवट होऊ लागतं. उतारा हेक्टरी पाचशे ते हजार किलो.

बियांत स्वतःचं टीएचसी जवळजवळ नसतं. पण बी धरणाऱ्या आवरणावर राळ असते आणि मळताना ती दाण्याला चिकटते. म्हणून उफणून, चाळून, गरज पडली तर झटकन धुऊन वाळवणं हा मालाच्या दर्जाचा भाग आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, हेम्पचं बी, त्याचं तेल आणि पीठ खाद्य म्हणून मान्य केलं, तेव्हा बियांसाठी किलोमागे ५ मिलिग्रॅम आणि तेलासाठी १० मिलिग्रॅम टीएचसीची मर्यादा घातली. चिकट, न निवडलेलं बी या चाळणीत अडकतं. ओलावा ८-९ टक्क्यांवर आणा, थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवा. बियांत ३० ते ३५ टक्के तेल आणि पाव हिश्श्याच्या जवळपास प्रथिनं असतात. तेल घाण्यावर थंड काढावं आणि फोडणीला वापरू नये, तापवलं की त्याचा गुण जातो. डोंगरात हेच बी भाजून, मिरची, जिरं आणि लिंबू घालून वाटतात. भातावर, मंडुआच्या भाकरीबरोबर ती चटणी खाल्ली की नशा वगैरे काही येत नाही, जेवण मात्र दोन घास जास्त जातं.

पीक निघाल्यावर तुरे आणि चुरा शेतात किंवा अंगणात पडू देऊ नका. कायद्याच्या भाषेत फुललेला तुरा म्हणजे गांजा, मग त्यात नशा असो वा नसो. परवान्यात लिहिलेल्या रीतीने, साक्षीदारांसमोर, तो नष्ट करून पंचनाम्याची प्रत फाइलीत ठेवा. पुढच्या उन्हाळी पावसात सांडलेल्या बियांची रोपं शेतात आणि बांधावर वर येतील. नव्या हंगामाचा परवाना हातात नसेल तर ती चार पानांवर असतानाच उपटा, कारण गेल्या वर्षीचा कागद त्या रोपांना लागू होत नाही.